हितसंबंध आड येणं वेगळं, लाच घेणं वेगळं

कंपनीला खोकी हवी आहेत. खरेदी अधिकाऱ्याच्या मेहुण्याचं पॅकेजिंगचं युनिट आहे आणि आलेल्या तीन कोटेशनांत एक त्याचंही आहे. एवढ्यावरून अधिकाऱ्याला भ्रष्ट ठरवणं अन्यायाचं आहे. त्याने अजून काहीच केलेलं नाही. घरचं हित आणि कंपनीचं हित आमनेसामने आलेत, इतकंच. हा हितसंबंधांचा संघर्ष. लाच म्हणजे काही घेऊन त्याच्या बदल्यात काम करून देणं. संघर्ष वेळेवर जाहीर करून मिटवता येतो. लाच कितीही उघडपणे घेतली तरी लाचच.

या दोहोंची गल्लत झाली की नातं सांगणं म्हणजे गुन्हा कबूल करणं असं वाटू लागतं, आणि माणूस गप्प बसतो. पुढे तेच अंगाशी येतं. आयसीआयसीआय बँकेच्या माजी प्रमुख चंदा कोचर यांच्यावर बँकेने चौकशीसाठी नेमलेल्या निवृत्त न्या. श्रीकृष्ण यांच्या अहवालाने जानेवारी २०१९ मध्ये ठपका ठेवला तो बँकेची आचारसंहिता आणि हितसंबंधांबाबतचे नियम मोडल्याचा. पतीशी व्यावसायिक संबंध असलेल्या व्हिडिओकॉन समूहाला बँकेने दिलेल्या कर्जाच्या बदल्यात लाभ घेतला का, हा फौजदारी प्रकरणाचा वेगळा प्रश्न होता.

‘कायद्यात बसत नाही’ हा आडोसा फार कच्चा. कंपनी कायदा २०१३ मधल्या नातेवाइकांच्या व्याख्येत पती-पत्नी, आई-वडील, मुलं, सून, जावई, भाऊ-बहीण आणि एकत्र हिंदू कुटुंबाचे सदस्य येतात. मेहुणा किंवा साडू त्या नात्याने येत नाही. पण खोक्यांच्या भावावर मेहुण्याच्या नात्याचा परिणाम होणार नाही, असं कोण म्हणेल?

म्हणून कोटेशनं उघडण्यापूर्वीच वरिष्ठांना ईमेल करावा: नातं कोणतं, फर्म कोणती, स्वतःची भागीदारी आहे का, निर्णय कोणता. ‘साहेबांना तोंडी सांगितलंय’ हे ऑडिटमध्ये टिकत नाही. नंतर नुसती सही टाळूनही भागत नाही. स्पेसिफिकेशन लिहिणं, माल तपासणं, बिल पास करणं, सगळ्यातून बाजूला व्हावं लागतं. निर्णय हाताखालच्या माणसाकडे सोपवणं ही तर नेहमीची चूक: त्याचं अप्रेझल आपल्याच हातात असतं, आणि मेहुणा कुणाचा हे त्याला ठाऊक असतं.

बाकीचे दर उघडल्यावर एकालाच सुधारित दर द्यायला सांगितलं, किंवा मंजुरीची मर्यादा १ लाख असताना ९५ हजारांच्या दोन ऑर्डरी काढल्या, तर पाणी मुरतंय. चौकशी तिथेच सुरू करावी.

सरकारी नोकराच्या लाचेला १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा लागतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाऱ्यालाही ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर ७ दिवसांत तक्रार केली तरच संरक्षण मिळतं. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.