जांभ्याची धूळ आणि डबीतली माती: स्केल मॉडेलवरच्या रंगभुकट्यांची पार्श्वभूमी

कोकण रेल्वेची मालगाडी, मिरकरवाड्याच्या धक्क्याला लागलेला ट्रॉलर, चिरेखाणीतून भरून निघालेला ट्रक. यातलं काहीही छोट्या प्रमाणात बनवायला घेतलं की जोडणी आणि रंगकाम उरकल्यावर खरा प्रश्न समोर येतो: यावर धूळ कोणत्या रंगाची बसली असेल, गंज कुठून ओघळला असेल? त्यासाठी मिळणाऱ्या भुकट्यांच्या डब्यांवर मात्र ‘युरोपची धूळ’, ‘रशियाची माती’, ‘आखाती युद्धाची वाळू’ अशा अर्थाची नावं असतात. ती तशी का पडली, हे कळलं की आपल्या किनाऱ्यासाठी काय निवडायचं हेही बरंचसं उलगडतं.

मॉडेल मळवणं ही कल्पना फार जुनी नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चांगलं मॉडेल म्हणजे चकचकीत मॉडेल, असंच मानलं जाई. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथे जॉन ॲलन या छायाचित्रकाराने आपल्या घरातल्या लघुरेल्वेवर काजळलेली इंजिनं आणि गंजलेले, झिजलेले डबे दाखवायला सुरुवात केली, आणि 1950 च्या दशकात रेल्वे मॉडेलवाल्यांची नजर बदलू लागली. लष्करी मॉडेलांमध्ये हेच काम 1970 च्या दशकात अमेरिकेचे शेपर्ड पेन आणि बेल्जियमचे फ्रांस्वा व्हर्लिंडन यांनी पुढे नेलं. पातळ रंगाचे वॉश आणि कोरड्या ब्रशने उठावदार कडांवर रंग फिरवणं या रीती तेव्हा रुळल्या. भुकटी लागली तर चित्रकाराचा सॉफ्ट पेस्टल, म्हणजे मऊ रंगीत खडू, सँडपेपरवर घासायचा, हाच सर्रास मार्ग होता.

पेस्टल अजूनही मिळतो आणि स्वस्त पडतो, पण त्याची एक खोड ओळखून असावं. त्यात रंगद्रव्याबरोबर खडूसारखी पांढरी भर असते. टर्पेंटाइन किंवा वार्निश लागलं की ती भर जवळजवळ पारदर्शक होते, आणि मघाशी छान दिसणारी फिकट धूळ एकदम काळवंडते किंवा नाहीशीच होते. भर नसलेली लोहद्रव्याची भुकटीही ओली झाल्यावर थोडी गडद होते, पण रंग सोडत नाही. शुद्ध रंगद्रव्याच्या डब्यांकडे मॉडेलकार वळले त्यामागचं हे मोठं कारण मला वाटतं. या डब्या लोकप्रिय करण्यात स्पेनच्या मिग हिमेनेझ यांचा वाटा मोठा आहे. त्यांचा ग्राहक प्रामुख्याने रणगाडे बनवणारा होता, आणि रणगाडे जिथे लढले तिथली माती डबीत आली. कोकणातला जांभा, म्हणजे चिऱ्याचा तांबडा दगड, त्या यादीत नसणं स्वाभाविक आहे. त्यातल्या त्यात जवळची छटा ‘व्हिएतनामची माती’ म्हणून मिळते, कारण तिथेही उष्ण, पावसाळी हवेत तयार झालेली तांबडी माती आहे.

आता डबीतल्या मालाकडे. नावं कितीही असोत, तपकिरी, पिवळ्या आणि लाल भुकट्यांमध्ये बहुतेक करून लोहाचीच ऑक्साइडं असतात. पाणी धरून असलेलं ऑक्साइड पिवळं, तेच भाजलं की लाल, आणि मँगनीज मिसळलं की गडद तपकिरी. कोकणाच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, हे सगळं उघड्यावर पडलेलं आहे. बेसाल्टवर लाखो वर्षं पाऊस आणि ऊन पडून त्यातली सिलिका आणि चुना वाहून गेला, मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरलं, तोच जांभा. फ्रान्सिस बुकॅनन यांनी 1807 साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात मलबारातल्या अंगाडिपुरमच्या अशाच दगडाचं वर्णन केलं: जमिनीत असताना मऊ, कापून हवेत ठेवला की कठीण. चिरेखाणीतल्या माणसाला हे कोणी शिकवावं लागत नाही. गोवा, कारवार आणि दक्षिण कोकणातल्या देवळांच्या भिंतींवर हीच लाल काव चुन्याच्या गिलाव्यावर चढवून, ती ओली असतानाच कोरून, पांढऱ्या रेघांची कावी चित्रं काढली गेली. रंगद्रव्य दळणं, गाळणं आणि पक्कं करणं हे ज्ञान या किनाऱ्यावर मॉडेलच्या छंदाच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि त्याचा आपण उपयोग करावा असं मला मनापासून वाटतं.

कारखानदारी लोहरंगाचा इतिहास वेगळा. 1925 च्या सुमारास जर्मनीत बायर कंपनीत लाउक्स पद्धत निघाली: लोखंडाच्या किसाने नायट्रोबेंझिन या रसायनाचं ॲनिलिन हे दुसरं रसायन करताना जो लोहाचा गाळ उरतो, त्यातूनच रंगद्रव्य घडवायचं. कृत्रिम लोहरंग स्वस्त झाले ते अशा पद्धतींमुळे. आपल्याकडच्या लाल कोब्याच्या जमिनी आठवा. हार्डवेअरच्या दुकानातला लाल ऑक्साइड आणि मॉडेलच्या दुकानातली गंजाची डबी यांचं कूळ एकच आहे. पण सुटा ऑक्साइड फार एकरंगी असतो. नुसता वापरला तर गंज नव्हे, प्रायमर मारल्यासारखा दिसतो. त्यात पिवळा आणि तपकिरी मिसळायलाच हवा.

काळ्यात निवड अधिक जपून करावी. काजळी, म्हणजे कार्बन, इतकी बारीक असते की मॅट रंगात शिरली की पुसून निघत नाही. काळं लोह ऑक्साइड त्यापेक्षा जाड कणांचं असतं, ब्रशने मागे घेता येतं. डिझेल इंजिनाच्या धुराड्याभोवती मी आधी ऑक्साइड लावतो आणि काजळीचा हात अगदी शेवटी, जेमतेम फिरवतो.

1998 साली पूर्ण मार्गावर सुरू झालेल्या, 741 किलोमीटरच्या कोकण रेल्वेवर रंगाची गंमत वेगळीच आहे. डोंगर कापून काढलेल्या वाटांमधली तांबडी धूळ डब्यांच्या खालच्या भागावर, तर चाकांजवळ ब्रेकच्या लोखंडी किसाचा तपकिरी थर. 1999 पासून धावणाऱ्या रो-रो गाड्यांवरचे, म्हणजे भरलेले ट्रकच वॅगनवर चढवून नेणाऱ्या मालगाड्यांवरचे ट्रक मात्र आपापल्या मुलखाची धूळ घेऊन चढतात, आणि प्रवासभर त्यांची चाकं फिरत नाहीत. म्हणून वॅगन आणि ट्रक एकाच डबीने मळवू नयेत.

जुन्या गलबतांना तर वेगळाच न्याय लावावा लागतो. अरबी समुद्रातल्या लाकडी जहाजांच्या बुडाला चुना आणि चरबीचा लेप देत, वरच्या लाकडाला माशाचं तेल. विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे मराठ्यांच्या आरमाराची गोदी होती. तिथे ओढून घेतलेल्या जहाजाचं मॉडेल करायचं तर गंजाचे ओघळ फक्त खिळ्यांखाली दाखवावेत. बाकी लाकूड तेलाने काळपट, बूड कळकट पांढरं.

घरी भुकटी करायची असेल तर प्रमाणाचं भान हवं. 1:87 मध्ये, म्हणजे मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या मॉडेलमध्ये, 0.1 मिलिमीटरचा कण जवळजवळ 9 मिलिमीटरच्या खड्यासारखा दिसतो. त्यामुळे जांभ्याची माती नुसती चाळून भागत नाही. ती पाण्यात ढवळावी, जड कण खाली बसू द्यावेत, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून निवळू द्यावं आणि तळाचा गाळ वाळवावा. किनाऱ्याजवळची माती असेल तर दोनतीनदा धुवावी, नाहीतर मीठ पुढे फुलून वर येतं. भुकटी हाताळताना तोंडावर मास्क लावावा. देवाच्या सामानातला शेंदूर, हिंगूळ किंवा हरताळ छटेच्या मोहाने कधीही घेऊ नये, कारण त्यात अनुक्रमे शिसं, पारा आणि आर्सेनिक असू शकतं.

चकचकीत रंगावर भुकटी टिकत नाही, म्हणून आधी मॅट थर हवाच. तोही आणि भुकटीवरचा शेवटचा हातही लॅकर वार्निशचा असेल तर पावसाळ्यात फवारू नये. दमट हवेत द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर बाष्प बसतं आणि पांढरट जाळी धरते. जून ते सप्टेंबर पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक बरं, सुकायला वेळ लागला तरी. आणि मॉडेल काचेच्या पेटीतच राहणार असेल तर भुकटी पक्की करूच नये. कोरड्या धुळीचा फिकेपणा कोणत्याही वार्निशखाली तसाच राहत नाही.