कोळीवाड्यातील ब्रास बँड

कोळीवाड्यातील ब्रास बँड : मुंबईतील कोळी आणि ईस्ट इंडियन (मुंबई परिसरातले मूळचे मराठी ख्रिस्ती) वस्त्यांत हळद, वरात, नारळी पौर्णिमेची मिरवणूक अशा प्रसंगी वाजणारा फुंकवाद्यांचा व तालवाद्यांचा ताफा. वरळी, खार दांडा, वर्सोवा, मढ अशा किनाऱ्यावरच्या गावठाणांत तो घरचाच मानला जातो. नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळी सरावाला जमणारे वादक हा त्याचा कणा. सामुदायिक बँड म्हणून जगभर जे ओळखले जाते, त्याचे मुंबईतले सर्वांत अस्सल रूप हेच म्हणावे लागेल.

सुरावटीला ट्रम्पेट, क्लॅरिनेट व सॅक्सोफोन, भरीला ट्रॉम्बोन आणि युफोनियम, तालाला साइड ड्रम, मोठा ड्रम, झांजा आणि खुळखुळे अशी साधारण मांडणी असते. मैफलीचा बँड खुर्च्यांवर बसून, समोर स्वरलिपी ठेवून, संचालकाच्या हाताकडे पाहत वाजवतो. इथे वादक चालत वाजवतात आणि गाणी पाठ असतात.

कोळीगीतांचा डुलता सहा मात्रांचा ठेका हा या वादनाचा प्राण. खुळखुळे सहाही मात्रा भरत राहतात, मोठा ड्रम नाचणाऱ्यांना पाऊल दाखवतो. ट्रम्पेटच्या तीन झडपांमधून बारा स्वर नेमके निघतात. पण दोन स्वरांमधली मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, झडपेतून येत नाही, ती ओठांच्या दाबाने काढावी लागते. क्लॅरिनेटच्या उघड्या भोकांवरून बोट हळूच सरकवता येते, त्यामुळे गळ्यातल्या हरकती त्यावर जास्त खुलतात. शिवाय वाद्यांच्या पट्ट्या वेगवेगळ्या, म्हणजे एकाच सुराला प्रत्येक वाद्यावर नाव निराळे. गाण्याचा सा बी फ्लॅट धरला, तर ट्रम्पेटवाला आपल्या वाद्यावरचा सी वाजवतो आणि ऑल्टो सॅक्सोफोनवाल्याला जी वाजवावा लागतो. हा हिशेब डोक्यात पक्का असलेला माणूस बँडचा मास्तर होतो.

झडपांची पितळी वाद्ये १९व्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात रुळली. सॅक्सोफोनचे पेटंट १८४६ चे. मुंबईत ही वाद्ये रुजली ती मुख्यतः लष्करी बँड आणि चर्च यांच्या वाटेने. चर्चची वाट जुनी : मुंबईच्या उत्तरेकडच्या साष्टी बेटावर १७३७-३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. वांद्रे, वर्सोवा, मढ हे सारे साष्टीतलेच. पुढे गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले वादक मुंबईच्या बँडमध्ये, हॉटेलांत आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदात आले. सेबॅस्टियन डिसोझा आणि फ्रँक फर्नांड हे चित्रपटसंगीताचे संयोजक याच परंपरेतले. वाद्ये मात्र मोठ्या प्रमाणावर मेरठची. तिथला जली कोठी परिसर बँडच्या वाद्यांसाठी देशभर प्रसिद्ध आहे.

ईस्ट इंडियन लग्नात विहिरीवरून पाणी आणण्याचा ‘उंबराचं पाणी’ हा विधी वाजतगाजत होतो. नारळी पौर्णिमेला सोनेरी नारळ समुद्रावर नेताना बँड पुढे असतो, आणि वादनाची खरी परीक्षा इथेच लागते. श्रावणातल्या दमट हवेत क्लॅरिनेटच्या बोरूच्या पात्या (रीड) फुगतात, कळांखालच्या गाद्या ओल धरतात, खाऱ्या वाऱ्याने पितळेला डाग पडतात. ऊन पडले की वेगळीच अडचण. हवा तापली की नळीतल्या ध्वनीचा वेग दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो आणि सूर चढतो. मांडवाच्या सावलीत जुळवलेला ट्रम्पेट रस्त्यावर आल्यावर चढा बोलू लागतो. मग दोन गाण्यांच्या मध्ये, चालता चालताच, जुळवणीची नळी किंचित बाहेर ओढायची. हे काम जाणता वादक बोटाने मापूनसुद्धा पाहत नाही, शेजारच्याचा सूर ऐकून करतो.

मुंबईत बसून ऐकण्याच्या बँडची परंपराही आहे. कूपरेजच्या बागेतला बँडस्टँड त्यासाठीच उभारलेला. नौदलाचा बँड सभागृहात कार्यक्रम करतो आणि नौदल दिनाच्या सुमारास गेटवे ऑफ इंडियापाशी वाजवतो. मुंबई पोलिसांच्या बँडने ‘खाकी स्टुडिओ’ या नावाने ध्वनिचित्रफिती काढल्या. ते पगारी, गणवेशातले बँड. कोळीवाड्याचा बँड मात्र आजही बापाकडून, काकाकडून नाहीतर शेजारच्या मास्तराकडून शिकला जातो : आधी खुळखुळे, मग साइड ड्रम, आणि ओठ तयार झाले की ट्रम्पेट.