दीड कोटी विटा आणि एक पोकळी

वॉशिंग्टनच्या जुन्या पेन्शन कार्यालयात आता फायली नाहीत. अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांच्या आणि त्यांच्या विधवांच्या पेन्शनची प्रकरणं जिथे कारकून तपासत, तिथे १९८५ पासून राष्ट्रीय बांधकाम संग्रहालय आहे. १९६०च्या दशकात ही इमारत पाडण्याची भाषा चालू होती. ती वाचली याचं मोठं श्रेय वास्तुरचनाकार क्लोथिएल वुडर्ड स्मिथ यांचं. १९६७च्या अहवालात त्यांनी इथे संग्रहालय सुचवलं होतं. पण हा बदल इमारतीला मानवला कसा? त्याचं उत्तर मला तिच्यातल्या हवेत दिसतं.

आराखडा होता मॉन्टगोमेरी मीग्ज यांचा. ते लष्करातले अभियंता. शहराला पाणी पुरवणाऱ्या मोठ्या योजनेचं कामही त्यांनीच केलं होतं. इमारत आगीपासून सुरक्षित हवी, अशी अट होती. त्यामुळे १८८२ ते १८८७ या काळात तब्बल १ कोटी ५५ लाख विटा रचल्या गेल्या. लोक तिला ‘मीग्जचं लाल कोठार’ म्हणून हिणवत. एक वीट सव्वादोन किलोची धरली, तर नुसत्या विटांचंच वजन ३५ हजार टन होतं. एवढं वस्तुमान एका अंशाने तापवायला आठ हजार युनिट विजेइतकी उष्णता लागते. म्हणून दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते.

मधोमध सुमारे ९६ मीटर लांब आणि ३५ मीटर रुंद दालन आहे. त्याच्या चारही बाजूंना कमानींचे सज्जे आणि त्यांच्यामागे खोल्या. मीग्ज यांनी बाहेरच्या खिडक्यांखाली विटांच्या फटी ठेवल्या, त्यांतून ताजी हवा खोलीत यायची. खोल्यांतून ती दालनात यायची, तापून हलकी व्हायची आणि छपराजवळच्या उंच खिडक्यांतून निघून जायची. धुरांड्यात धूर वर चढतो तेच हे तत्त्व. आतली हवा बाहेरच्यापेक्षा ५ अंशांनी गरम असेल आणि आत येण्याची व बाहेर पडण्याची वाट एकमेकींपासून ४० मीटर उंचीवर असतील, तर दाबातला फरक जेमतेम ८ पास्कल भरतो. पाण्याच्या पातळीत सांगायचं तर एक मिलिमीटरही नाही. पण आतली हवा जास्त गरम असेपर्यंत हा दाब न थांबता काम करतो आणि त्याला पंखा लागत नाही. अडचण एकच: भर दुपारी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम झाली की ही ओढ थांबते किंवा उलटीही होते. खरं काम रात्री होतं, तेव्हा थंड हवा विटांमधली उष्णता काढून नेते.

दालनातले आठ खांब जवळपास २३ मीटर उंच आहेत, प्रत्येकात सुमारे ७० हजार विटा. संगमरवरासारखा रंग दिल्यामुळे विटा दिसत नाहीत. उंची आणि घनतेवरून हिशेब केला तर स्वतःच्या वजनाने तळाच्या विटांवर येणारा दाब सुमारे ०.४ मेगापास्कल येतो, आणि चांगलं वीटकाम याच्या कित्येक पट दाब सोसतं. जिने तर मला सगळ्यांत जास्त आवडतात. जखमी सैनिकांना चढता यावं म्हणून पायऱ्या मुद्दाम बुटक्या आणि रुंद केल्या.

हे सगळं संग्रहालयाला आयतं मिळालं. खोल्यांची दालनं झाली, आणि मधली पोकळी कशालाही जागा देऊ लागली: २०१४ मध्ये लाकडी चक्रव्यूह, २०१५ मध्ये जवळजवळ दहा लाख प्लास्टिक चेंडूंचा ‘समुद्रकिनारा’. फायलींच्या रचनेला चिकटून बांधलेली इमारत इतकी लवचिक ठरली नसती. इथे आधी माणसाच्या श्वासाचा आणि चालण्याचा विचार झाला होता.

मात्र अशा रूपांतरात एक धोका असतो. जुन्या वस्तूंना वर्षभर साधारण स्थिर आर्द्रता लागते, म्हणून भिंतीतल्या वाटा बंद करून यंत्राने हवा नियंत्रित करावी लागते. हिवाळ्यात आत दमट आणि बाहेर गोठवणारी थंडी असेल, तर वाफ भिंतीत शिरते, थंड भागात पाणी होते, गोठते आणि विटेचा पापुद्रा सुटतो. शिवाय पाण्याबरोबर आलेले क्षार सुकताना पृष्ठभाग पोखरतात. म्हणून नाजूक वस्तूंसाठी बंदिस्त कपाटांत वेगळं हवामान ठेवावं आणि मोठ्या दालनात ऋतूनुसार थोडा चढउतार चालू द्यावा, हा मार्ग मला जास्त शहाणपणाचा वाटतो.