फुफ्फुसातील गाठीवरचा नेमका किरणोपचार : पार्श्वभूमी

गडचिरोली, गोंदिया किंवा बालाघाटहून नागपूरच्या तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलमध्ये अथवा जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये रुग्ण आणला, की नातेवाईक रेडिएशन किती दिवस चालणार, हे आधी विचारतात. रूढ पद्धतीत रोज सुमारे २ ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) याप्रमाणे सहा-सात आठवडे लागतात. सुरुवातीच्या अवस्थेतील लहान गाठीवर मात्र मोठी मात्रा नेमकी देऊन बहुधा तीन ते पाच बैठकांत उपचार पूर्ण करता येतो. या पद्धतीला एसबीआरटी (स्टिरिओटॅक्टिक बॉडी रेडिओथेरपी) म्हणतात.

तिचे मूळ मेंदूच्या उपचारात आहे. स्वीडनचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये, डोके चौकटीत पक्के बसवून अनेक दिशांचे किरण एकाच बिंदूवर आणण्याची कल्पना मांडली. मेंदू कवटीत स्थिर असतो. फुफ्फुसाच्या खालच्या भागातील गाठ मात्र श्वासागणिक दोन सेंटीमीटरपर्यंतही सरकू शकते. खरी अडचण हीच होती. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत १९९० च्या दशकाच्या आरंभी इंग्मार लॅक्स आणि हेन्रिक ब्लॉमग्रेन यांनी रुग्णाला धडाच्या चौकटीत झोपवून, पोटावर पट्टीने दाब देऊन श्वासाची हालचाल आवरली. पुढे श्वासाच्या प्रत्येक टप्प्यावर गाठ कुठे असते हे दाखवणारा फोर-डी सीटी स्कॅन आला.

या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा धडा मात्र कटू आहे. रॉबर्ट टिमरमन यांच्या इंडियाना येथील गटाने २००६ मध्ये दाखवून दिले, की मुख्य श्वासनलिकांजवळच्या गाठींना तीच मोठी मात्रा दिल्यास गंभीर, प्रसंगी प्राणघातक इजा होते. तेव्हापासून अशा गाठींसाठी मात्रा कमी करून अधिक बैठकांत विभागली जाते. कडेच्या गाठींबाबत, शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या ५५ रुग्णांवरील अमेरिकी चाचणीत तीन बैठकांत ५४ ग्रे दिल्यावर तीन वर्षांनी मूळ गाठ सुमारे ९८ टक्के रुग्णांत आटोक्यात होती. हे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.

आपल्याकडे अडते ते निदानात. एक्स-रेवरचा डाग टीबीचाच समजून, थुंकीत जंतू न सापडताही महिनोन्‌महिने टीबीची औषधे चालू राहतात आणि तोवर गाठ वाढून आजार लसीकाग्रंथींपर्यंत पोहोचला, तर या उपचाराची संधी जवळजवळ संपते. म्हणूनच औषधांनी डाग ओसरत नसेल, तर सीटी आणि बायॉप्सी लांबणीवर टाकू नये.