धडाधड वाचतो, तरी कळत का नाही?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, उचगाव या पट्ट्यातल्या शाळांत परप्रांतातून आलेल्या पालकांना एक सल्ला हमखास मिळतो: "घरीही पोराशी मराठीतच बोला, म्हणजे लवकर शिकेल." सल्ला आपुलकीचा आहे, पण चुकीचा आहे. घरी भोजपुरी बोलणाऱ्या फौंड्री कामगाराने मोडक्यातोडक्या मराठीचा हट्ट धरला, की बापलेकांमधलं बोलणंच आटतं. गोष्टी थांबतात, पोराच्या "का?"ला उत्तर मिळत नाही. वाचन शिकायला तर नेमकं हेच लागतं.

१९८६ साली फिलिप गफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं:

वाचून समजणं = अक्षरं उलगडणं × ऐकून समजणं

उलगडणं म्हणजे अक्षरं जोडून शब्द वाचता येणं. गुणाकाराच्या दोन्ही बाजूंना शून्य ते एक यांच्या दरम्यान गुण द्यायचे. माझा सगळा जीव त्या गुणाकाराच्या चिन्हात अडकलाय. बेरीज असती तर एका बाजूची उणीव दुसऱ्या बाजूने भरून निघाली असती. गुणाकारात तशी सोय नाही. एक बाजू शून्य झाली की सगळंच शून्य.

एक वाक्य घेऊ: "शेतकऱ्याने विहिरीचे पाणी पाटाने उसाला सोडले." गावाकडे हिंदी शाळेत शिकून आलेला भोजपुरी मुलगा हे न अडखळता वाचतो, कारण लिपी देवनागरीच आहे. गुरुजी म्हणतात, "वाचतो छान!" पण विहीर आणि पाट हे शब्द त्याने कधी ऐकलेले नाहीत. ऊस त्याला चांगला ठाऊक आहे, त्याच्याकडे तो 'ऊख' आहे. पण 'उसाला' या रूपात तो त्याला दिसत नाही. उदाहरणापुरते आकडे घालू. उलगडणं ०.९, ऐकून समजणं ०.२. गुणाकार ०.१८. आता शाळा त्याच्याकडून आणखी वाचून घेते. उलगडणं पूर्ण १ झालं तरी उत्तर ०.२ वर अडतं. त्याऐवजी ऐकून समजणं ०.५ पर्यंत नेलं, तर ०.४५ होतं, म्हणजे अडीचपट!

शेजारच्या बाकावर सीमेपलीकडच्या कन्नड शाळेतून आलेली मुलगी आहे. तिला बोललेली मराठी बऱ्यापैकी कळते, पण देवनागरी नवी आहे. ०.३ × ०.८, म्हणजे ०.२४. परीक्षेत दोघंही जवळपास सारखेच 'कच्चे' दिसतात, कारणं मात्र अगदी उलटी. शिवाय तिची पाटी कोरी नाही. कन्नडमध्येही व्यंजनाला स्वरचिन्ह जोडूनच अक्षर बनतं, त्यामुळे काना-वेलांटीची कल्पना तिच्याकडे आधीच आहे, फक्त चिन्हं बदलायची आहेत. 'ळ' तर ती सहज म्हणते, कारण तो कन्नडातही आहे. प्रमाण हिंदीत नाही. या दोघांना एकाच जादा तासाला बसवलं, तर एकाचा तास फुकट जातो.

ओळखायचं कसं? उतारा शिक्षकांनी स्वतः मोठ्याने वाचून दाखवावा आणि प्रश्न विचारावेत. ऐकूनही कळलं नाही, तर अडचण भाषेची. ऐकून कळलं आणि वाचून कळलं नाही, तर अक्षरांची. दोन्हीकडे अडलं, तर तोच उतारा मुलाच्या भाषेत सांगून पाहावा. मग विषयच नवा आहे का, तेही कळतं.

मैदानावरची भाषा इथे फसवते. कॅनडातले भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत फरक केला. पहिली साधारण दोन वर्षांत येते, दुसरीला पाच ते सात वर्षं लागू शकतात. कबड्डी खेळताना अस्सल कोल्हापुरीत भांडणारं पोर 'त्यामुळे', 'अन्यथा', 'त्या प्रमाणात' अशा शब्दांवर विज्ञानाच्या पुस्तकात अडतं, आणि आपण त्याला आळशी ठरवून मोकळे होतो.

जीभ वळावी म्हणून बाळाला वेखंड उगाळून चाटवण्याची प्रथा आहे. शब्द वेखंडाने येत नाहीत, कानावर पडल्याने येतात. दोन भाषांनी मूल गोंधळतं हाही निव्वळ समज. आणि दोन भाषांनी मेंदू तल्लख होतो, ही जाहिरातही तितकीच सैल आहे: १९६२ च्या मॉन्ट्रिअलमधल्या गाजलेल्या अभ्यासाने तिला जोर दिला, पण पुढच्या अनेक मोठ्या अभ्यासांत तसा ठळक फायदा दिसला नाही.

पाणी वाफ होऊन वर जातं, थंड झालं की परत थेंब होतात, ही कल्पना भोजपुरीत समजली तर ती मराठीत पुन्हा समजावी लागत नाही. 'बाष्पीभवन' हे नाव तेवढं शिकायचं राहतं. म्हणून धडा सुरू करण्याआधी एका भाषेच्या मुलांना पाच मिनिटं आपापसांत त्यांच्याच भाषेत बोलू द्यावं, मग वर्गाला मराठीत सांगायला लावावं. वर्गात गलका होईल, तो होऊ द्यावा. पालकांना सांगायचं ते एवढंच: घरी तुमच्याच भाषेत भरपूर बोला, गोष्टी सांगा, हिशेब करायला लावा. इंग्रजी माध्यमात मुलं घातलेल्या मराठी घरांनाही हाच गुणाकार लागू आहे. तिथेही स्पेलिंग पाठ करून घेण्यावर सगळा भर असतो, आणि ऐकून समजण्याचा आकडा कोणी विचारत नाही.