नितळ पाणी आणि निर्जंतुक पाणी: पूरग्रस्तांच्या हंड्यात तुरटी कधी, टीसीएल कधी

‘पाणी शुद्ध करण्यासाठी तुरटी किंवा टीसीएल वापरा.’ पूर आला की हे वाक्य निवारा केंद्राच्या भिंतीवर, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सूचनांत आणि मदत वाटणाऱ्या मंडळांच्या पत्रकांत हटकून दिसते. त्यातला ‘किंवा’ माणसांना आजारी पाडतो. तुरटी आणि टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, ही एकाच कामाची दोन साधने नाहीत. एक पाणी निवळते, दुसरी जंतू मारते. पुराच्या पाण्याला दोन्ही लागतात आणि ठरलेल्या क्रमानेच लागतात.

कोल्हापूर-सांगलीकडे या गोंधळाची किंमत मोठी आहे. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली आणि पंचगंगा ५५ फुटांच्या. अशा वेळी नदीकाठची उपसा केंद्रेच पाण्याखाली जातात, म्हणजे चहूकडे पाणी आणि नळ कोरडा. शाळांत, मंगल कार्यालयांत आलेल्या कुटुंबांना मग टँकर, बोअर किंवा जवळची विहीर एवढाच आधार उरतो. त्या विहिरीत शेतातला गाळ, गोठ्यातले शेण आणि शौचालयांच्या टाक्यांतले पाणी मिसळलेले असते.

तुरटी सगळ्यांच्या ओळखीची, त्यामुळे थोडक्यात. गाळाचे बारीक कण एकमेकांना दूर लोटत पाण्यात तरंगत राहतात. तुरटी त्यांचा हा विरोध मोडते, कणांचे पुंजके होतात आणि जड होऊन तळाशी बसतात. वीस लिटरला एक ते दोन ग्रॅम तुरटी पुरते. चहाचा सपाट चमचा भरून पूड साधारण पाच ग्रॅम भरते, त्यावरून अंदाज घ्यावा. पूड थोड्या पाण्यात विरघळवून घालायची, एक मिनिट जोरात ढवळायचे, पुढची पाच मिनिटे अगदी हळू. जोरात ढवळतच राहिले तर तयार झालेले पुंजके फुटतात. मग अर्धा ते एक तास भांड्याला हात लावायचा नाही. पाणी तुरट लागले तर तुरटी जास्त झाली. वरचे पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात काढायचे आणि खालचा साका विहिरीपासून लांब खड्ड्यात टाकायचा. तो जनावरांच्या पाण्यात ओतू नये, कारण पाण्यातले बरेचसे जंतू त्यात जिवंत असतात.

दाढी झाल्यावर न्हावी गालावर तुरटी फिरवतो, म्हणून ती जंतुनाशक आहे असा पक्का समज आहे. गालावर घासलेला खडा आणि वीस लिटरात विरघळलेले दोन ग्रॅम यांत फार अंतर आहे. हंड्यातली तुरटी जंतू मारत नाही. गाळाबरोबर काही जंतू खाली नेते, बाकीचे वरच्या काचेसारख्या पाण्यात तसेच राहतात. कॉलरा, विषमज्वर आणि कावीळ यांचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे पाणी किती नितळ आहे यावरून ते पिण्याजोगे आहे की नाही हे कधीच ठरत नाही.

खरी चूक मात्र याच्या उलट बाजूने होते, आणि ती शिकलेली, जबाबदार माणसे करतात. ‘जंतू मारायचे आहेत ना, मग थेट टीसीएल टाका’ म्हणून गढूळ पाण्यातच पावडर घालतात. ताज्या, नीट साठवलेल्या टीसीएलमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन कामाला येतो. तो पाण्यात पडला की जंतू शोधत जात नाही, समोर येईल त्याच्याशी झुंजतो. गढूळ पाण्यात समोर आधी येते ती कुजलेली पाने, शेण आणि मातीतला सेंद्रिय भाग. क्लोरीन त्यांच्यावरच खर्च होतो आणि जंतूंसाठी काही उरत नाही. यालाच पाण्याची क्लोरीनची मागणी म्हणतात. ती भागल्यावर जो क्लोरीन शिल्लक राहतो, तोच माणसाचे रक्षण करतो. दुसरी अडचण अशी की मातीच्या कणांच्या सांदीकोपऱ्यांत बसलेल्या जंतूंपर्यंत क्लोरीन पोचतच नाही.

तिसरी अडचण सर्वांत फसवी. शौचालयांचे आणि गोठ्यांचे पाणी मिसळले की पाण्यात अमोनिया येतो. क्लोरीन त्याच्याशी जोडला जातो आणि क्लोरामाइन तयार होते. त्याला वास येतो, बऱ्यापैकी उग्र येतो, पण त्याची जंतू मारण्याची ताकद मोकळ्या क्लोरीनच्या मानाने फारच कमी. ‘वास येतोय, म्हणजे टीसीएल लागू पडली’ ही खूण म्हणूनच मोडीत काढली पाहिजे. ओटी चाचणीत, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे थेंब घालून पाण्यातला क्लोरीन पाहण्याच्या चाचणीतसुद्धा, नेमके इथेच चुकते. मोकळा क्लोरीन असेल तर पिवळा रंग थेंब पडताच, पहिल्या दहा सेकंदांत दिसतो. पंधरा-वीस मिनिटे ठेवल्यावर गडद झालेल्या पिवळ्यात जोडलेला क्लोरीनही धरलेला असतो. नळी खिडकीत ठेवून दुसरी कामे उरकायची आणि नंतर येऊन ‘झाली’ अशी नोंद करायची, याला चाचणी म्हणता येत नाही. आकडा लगेच वाचायचा, आणि तपासलेले पाणी फेकून द्यायचे, कारण ओटीचे रसायन पोटात जाता कामा नये.

म्हणून क्रम असा: आधी तुरटी, मग पाणी बसू द्यायचे, वरचे पाणी वेगळे काढायचे, त्यात टीसीएल घालायची, किमान अर्धा तास थांबायचे, मग चाचणी. विहिरीला आणि टँकरला एक तास द्यावा. अर्ध्या लिटरमागे पाव मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला ०.५ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन शिल्लक दिसला की पाणी वाटायला हरकत नाही. वेळ वाचवायला दोन्ही एकदम घालणे चूक आहे. दोन्हींची दाट द्रावणे एका भांड्यात कालवणे तर धोक्याचे, कारण तुरटीचे द्रावण आम्लधर्मी असते आणि त्यात टीसीएल पडली की क्लोरीन वायू होऊन उडतो. गाळच नसलेल्या बोअरच्या पाण्याला तुरटीची गरज नाही, टीसीएलची मात्र आहे.

टीसीएल कोरडी टाकायची नसते. टँकरचे झाकण उघडून वरून मूठभर पावडर टाकली की ती तळाशी जाऊन बसते. पहिल्या घागरीला नाक झोंबते, शेवटच्या घागरीत क्लोरीनचा पत्ता नसतो आणि चुन्याने तोटी तुंबते ती वेगळीच. पानासाठी चुन्याची निवळी काढतात तशी टीसीएलचीही काढायची. पावडर थोड्या पाण्यात कालवून आधी मऊ लगदा करायचा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळायचे आणि पाच-दहा मिनिटे थांबायचे. चुना खाली बसतो, वरची निवळी वापरायची, चुना टाकून द्यायचा. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर नको. बादली प्लास्टिकची असावी, नाका-तोंडावर फडके बांधावे, आणि फिनेल किंवा संडास धुण्याचे आम्ल जवळपासही नसावे.

घरगुती वापरासाठी एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम ताजी टीसीएल कालवून निवळी काढली की एक टक्क्याचे द्रावण होते. निवळलेल्या वीस लिटर पाण्याला त्यातले चार मिलि, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा घालावे. पाण्यात थोडा गढूळपणा राहिलाच असेल तर दुप्पट. टँकरला हजार लिटरमागे सहा ग्रॅम पावडर धरून तिची निवळी पाणी भरतानाच ओतावी, रस्त्यातल्या हिंदकळण्याने ती आपोआप मिसळते. हे सुरुवातीचे आकडे आहेत, शेवटचा शब्द चाचणीचा. विहिरीची मागणी नेमकी काढायची असेल तर आरोग्य केंद्रातली हॉरॉकची पेटी काढावी. सहा पांढऱ्या पेल्यांत त्याच विहिरीचे पाणी घेऊन पहिल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असे टीसीएलचे द्रावण घालतात. अर्ध्या तासाने सूचक घातल्यावर ज्या पेल्यात सर्वांत आधी निळा रंग दिसेल, त्याच्या क्रमांकाची दुप्पट म्हणजे ४५५ लिटरला लागणारी पावडर ग्रॅममध्ये. तिसरा पेला निळा झाला तर सहा ग्रॅम. अंदाजाने पोते उपडे करण्यापेक्षा हा अर्धा तास कितीतरी मोलाचा.

विहिरीच्या बाबतीत आणखी एक गफलत होते. रोजची मात्रा आणि पूर ओसरल्यावरची मात्रा एकच समजली जाते. समजा विहिरीचा व्यास चार मीटर आहे आणि पाणी पाच मीटर खोल. व्यासाचा वर्ग गुणिले खोली गुणिले ७८५, म्हणजे सुमारे ६२,८०० लिटर. एरवीच्या स्वच्छ पाण्याला हजार लिटरमागे अडीच ग्रॅम, म्हणून रोज १५७ ग्रॅम टीसीएल. पण जी विहीर पुरात बुडाली होती, तिचे आधी पाणी उपसायचे, गाळ काढायचा, कडा घासून धुवायच्या. पुन्हा पाणी आल्यावर हजार लिटरमागे १५० ग्रॅम, म्हणजे सुमारे साडेनऊ किलो टीसीएल, मोठ्या पिंपांत निवळी करून घालायची. बारा ते चोवीस तास ते पाणी कोणी वापरायचे नाही. नंतर उपसून टाकायचे, तेही ओढ्यात किंवा मत्स्यतळ्यात नव्हे. त्यानंतर रोजच्या १५७ ग्रॅमवर यायचे. साडेनऊ किलोच्या जागी १५७ ग्रॅम घालून ‘विहीर शुद्ध केली’ असे जाहीर झाले की घरी परतलेली कुटुंबे निर्धास्तपणे तेच पाणी भरू लागतात.

क्लोरीनची गोळी, क्लोरीनचे द्रावण (द्रव हायपोक्लोराइट) की पावडर, हा वाद गौण आहे. विहिरीला पावडर, घरोघरी गोळ्या. गोळी किती लिटरची ते पाकिटावर वाचूनच द्यावे. द्रवाची ताकद उन्हात लवकर उतरते. पावडरही ओल, ऊन, हवा लागली की मरते. ३३ टक्क्यांची १६ टक्के झाली की दुप्पट लागते, म्हणून गोणी जमिनीवर ठेवू नये, तोंड घट्ट बांधावे, पंपाच्या स्टार्टरजवळ तर अजिबात नको, लोखंड गंजते.

रस्त्याच्या कडेने आणि केंद्राभोवती पावडरीच्या पांढऱ्या रेघा ओढणे थांबवायला हवे. चिखलावर, कचऱ्यावर, उन्हात पडलेला क्लोरीन घटकाभरात संपतो, आणि तिकडे विहिरीला पावडर अपुरी पडते. माणशी रोज किमान १५ लिटर धरले तर ५०० माणसांच्या केंद्राला ७,५०० लिटर पाणी लागते. हजारी सहा ग्रॅमने त्याला रोज अवघी ४५ ग्रॅम टीसीएल पुरते.

दोन्हींच्या आवाक्याबाहेरच्या गोष्टीही आहेत. पाण्यावर तेलाचा तवंग असेल किंवा औषधफवारणीचा वास येत असेल, तर तुरटी आणि टीसीएल काहीच करू शकत नाहीत, ते पाणी सोडून द्यावे. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही परजीवी क्लोरीनला दाद देत नाहीत. तान्ह्या मुलांचे आणि अशक्त माणसांचे पाणी म्हणूनच उकळावे. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरते. सगळ्या केंद्राचे पाणी उकळण्याइतके जळण नसते, आणि उकळलेल्या पाण्यात मागून हात बुडला तर त्याला राखणारा क्लोरीनही नसतो.

मदत पाठवायची असेल तर बाटलीबंद पाण्याच्या खोक्यांऐवजी झाकणाची, खाली तोटी असलेली वीस लिटरची दोन भांडी प्रत्येक कुटुंबाला द्या, आणि सोबत लांब दांड्याचे ओगराळे. टँकरच्या तोटीवर ०.५ दाखवणारे पाणी उघड्या हंड्यात सकाळपासून पडून राहिले, त्यात पेले आणि हात बुडत राहिले, की संध्याकाळी चाचणी कोरी येते. ओटीची नळी त्यासाठी टँकरपाशी एकदा आणि दिवस मावळताना चार-पाच कुटुंबांच्या हंड्यांत एकदा, अशी दोनदा भरायची. हंड्यात लिटरला ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी भरले तर ते पाणी धुण्याला वापरून हंडा पुन्हा भरून द्यावा.