फॉरमॅट मारण्याआधी कॅबिनेट उघडून पाहावे

गेल्या मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी, मावसभावाच्या घरी गेलो होतो. त्यांचा डेस्कटॉप संगणक सकाळी व्यवस्थित चालतो आणि दुपारी बारा-एकच्या सुमारास आधी रेंगाळतो व मग एकाएकी बंद पडतो, अशी पुतणीची तक्रार होती. महिनाभरात तो दोनदा तालुक्याच्या गावी नेऊन आणला होता आणि दोन्ही वेळा दुरुस्तीवाल्याचे उत्तर एकच होते, "फॉरमॅट मारा लागते, भाऊ." फॉरमॅट मारला गेला, विंडोज नव्याने टाकले गेले, स्पर्धा परीक्षेसाठी पुतणीने टाइप केलेल्या नोट्स त्यात गेल्या, आणि आठवडाभरात तोच संगणक त्याच वेळी पुन्हा बंद पडला.

बिघाड वेळ पाळत असेल तर ती वेळच सर्वांत मोठा पुरावा असते. विंडोजसारख्या ऑपरेटिंग सिस्टिममधील बिघडलेल्या फायलीला सकाळ काय आणि दुपार काय, दोन्ही सारख्याच असतात. दुपार कळते ती प्रोसेसरला, कारण त्याचे सगळे जगणे खोलीतील हवेच्या तापमानावर अवलंबून असते.

प्रोसेसर म्हणजे नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर कोरलेले कोट्यवधी सूक्ष्म स्विच. हे स्विच सेकंदाला अब्जावधी वेळा उघडझाप करतात आणि त्यासाठी लागणारी जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णतेत बदलते. घरगुती डेस्कटॉपमधील प्रोसेसर साधारण ६५ वॅट गटातले असतात, म्हणजे जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या दिव्याइतकी उष्णता तेवढ्याशा जागेतून सतत बाहेर काढावी लागते. हे काम हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरवर बसवलेला धातूच्या पट्ट्यांचा ठोकळा, आणि त्यावरचा पंखा करतात, पण त्यांच्याबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. हीटसिंक प्रोसेसरला थंड करत नाही, तो फक्त आतली उष्णता खोलीतील हवेला देऊन टाकतो, आणि उष्णता नेहमी गरम वस्तूकडून थंड वस्तूकडेच वाहत असल्यामुळे प्रोसेसर खोलीपेक्षा काही अंशांनी गरमच राहणार, हे ठरलेले असते. २५ अंश सेल्सिअसच्या खोलीत एखादे काम करताना ६५ अंशांवर राहणारा प्रोसेसर ४३ अंशांच्या खोलीत त्याच कामासाठी साधारण ८३ अंशांवर जातो. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास फिरत असतो आणि टिनाच्या छपराखालच्या खोलीत भरदुपारी त्याहून फारशी वेगळी स्थिती नसते. त्यातच हीटसिंकची वाट कोंडली आणि खोली व प्रोसेसर यांतील फरक ४० ऐवजी ६० अंशांचा झाला, तर बेरीज शंभरापलीकडे जाते.

बहुतेक इंटेल प्रोसेसरमध्ये १०० अंशांच्या आसपास मर्यादा आखलेली असते. तिथे पोहोचताच प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग आणि व्होल्टेज दोन्ही उतरवतो. खर्च होणारी वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने या दोन्हींमध्ये थोडीशी घट केली तरी उष्णता बरीच कमी होते. वापरणाऱ्याला मात्र दिसते ते एवढेच की संगणक रेंगाळायला लागला. एवढे करूनही तापमान चढतच राहिले, तर तो कुणालाही न विचारता बंद होतो. आधी रेंगाळणे आणि मग बंद पडणे ही दोन वेगळी दुखणी नव्हेत, एकाच तापाच्या या दोन पायऱ्या आहेत.

कॅबिनेट उघडण्याआधी मोजणे आवश्यक असते, नाहीतर आपण केलेल्या दुरुस्तीचा खरोखर उपयोग झाला की नाही, हे कधीच कळत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो, आणि त्याच्या परफॉर्मन्स या पानावर प्रोसेसरचा मूळ वेग व चालू वेग दोन्ही दिसतात. काम जोरात चालू असताना चालू वेग मूळ वेगाच्या बराच खाली अडकून राहिला असेल, तर संशय उष्णतेवर घ्यावा. प्रत्यक्ष तापमान पाहण्यासाठी एचडब्ल्यूइन्फोसारखा मोफत प्रोग्राम पुरतो. आमच्या त्या संगणकावर दुपारी नुसता ब्राउझर उघडला तरी आकडा ९७ वर जात होता. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर ४१ ही नोंद वारंवार होती. या नोंदीचा अर्थ संगणक रीतसर बंद झाला नाही इतकाच असतो, तो का बंद झाला हे त्यातून कळत नाही, तरीही अनेक जण ती दाखवून विंडोजलाच दोषी ठरवतात.

मग वीज काढली, पॉवरचे बटण दाबून उरलेला भार उतरू दिला आणि कॅबिनेटची बाजूची पत्र्याची फळी काढली. पंख्याच्या पात्यांवर धूळ होतीच, पण खरा अडथळा पात्यांखाली होता. पंखा खटक्यांतून सोडवून उचलल्यावर हीटसिंकच्या पट्ट्यांवर करड्या रंगाचा, नमद्यासारखा एकसंध थर दिसला, जो चिमटीत धरून गोधडीच्या तुकड्यासारखा अख्खा उचलता आला. तो उजेडात धरला तेव्हा त्यातले लांब, पांढरे तंतू स्पष्ट दिसले. तो कापूस होता. भाव चढेल या आशेने दिवाळीपासून शेजारच्या खोलीत कापूस भरून ठेवलेला होता, घरातल्या सगळ्यांना त्याची खाज सुटत होती, आणि संगणकाचा पंखा तीच हवा दिवसभर आत ओढत होता. नुसती धूळ पट्ट्यांमधून काही अंशी निसटून तरी जाते, पण कापसाचे तंतू पट्ट्यांच्या तोंडाशी आडवे अडकतात, एकमेकांत गुंततात आणि मागून येणाऱ्या धुळीला जाळीसारखे धरून ठेवतात. हिंगणघाट, वणी, पांढरकवडा अशा कापसाच्या मुलखात राहणाऱ्यांनी म्हणूनच हीटसिंक वर्षातून दोनदा, एकदा वेचणीचा हंगाम संपल्यावर आणि एकदा उन्हाळा तापण्यापूर्वी, साफ करावे असे माझे ठाम मत आहे.

साफसफाईला मऊ ब्रश आणि हवा फेकणारा ब्लोअर पुरतो. ब्लोअर चालवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, कारण जोराच्या हवेने पंखा मर्यादेबाहेर फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होते. ओले फडके आत अजिबात नेऊ नये. हीटसिंक पूर्ण काढला तर प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली वाळलेली उष्णतावाहक पेस्ट पुसून नवी लावावी लागते. धातूचे दोन पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म खाचा राहतात आणि त्या खाचांत हवा असते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर प्रति केल्विन, अॅल्युमिनियमची २०० च्या वर, आणि हवेची अवघी ०.०२६ आहे. पेस्टची वाहकता धातूच्या मानाने क्षुल्लक असली, तरी हवेपेक्षा ती कितीतरी पटींनी चांगली असते, आणि तिचे काम फक्त त्या खाचा भरण्याचे आहे. म्हणून तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट पुष्कळ झाली. जाड थर दिला तर तोच उष्णतेच्या वाटेत आडवा येतो.

थर काढून, नवी पेस्ट लावून दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तेच काम करून पाहिले, तेव्हा तापमान ७६ अंशांवर थांबले.

कूलरबद्दल इथेच सांगायला हवे, कारण विदर्भातल्या घरात उन्हाळ्यात संगणक आणि कूलर एकाच खोलीत नांदतात. पाण्याची वाफ होताना ती हवेतील उष्णता शोषून घेते, आणि मे महिन्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की खोलीचे तापमान सहज दहा-बारा अंशांनी उतरते. प्रोसेसरलाही त्याचा तेवढाच फायदा मिळतो. आतले भाग खोलीपेक्षा गरम असल्यामुळे त्यांच्यावर दव जमण्याची भीती नसते. भीती असते ती झोतातून उडणाऱ्या बारीक तुषारांची, कारण बोअरच्या जड पाण्यातले जे क्षार कूलरच्या गवतावर पांढरे साचतात, तेच मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डवर, साचले की ओलाव्यात वीज वाहू देतात आणि सांधे गंजवतात. संगणक कूलरच्या खोलीत ठेवावा, पण झोताच्या तोंडी ठेवू नये.

दुसरा प्रश्न पुतणीने सहज विचारला. "काका, अनवाणी पायानं डब्याले हात लावला तर झिणझिण्या येतात, हे कशानं?" या प्रश्नाला मी उष्णतेपेक्षाही अधिक महत्त्व देतो. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये, म्हणजे एसएमपीएसमध्ये, विजेतला गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांपासून कॅबिनेटच्या पत्र्याच्या डब्याकडे एकेक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो. डबा अर्थला जोडलेला असेल तर त्यातून झिरपणारी सूक्ष्म वीज जमिनीत निघून जाते. अर्थिंग नसेल तर डब्यावर २३० व्होल्टच्या साधारण निम्मे, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्टेज तरंगत राहते. त्यातून वाहू शकणारा प्रवाह अत्यल्प असल्याने फक्त झिणझिण्या येतात, पण त्या झिणझिण्यांचा अर्थ असा, की उद्या आत खरोखर एखादी तार पत्र्याला टेकली तर वाचवणारी वाटच घरात नाही.

त्या घरात अर्थिंग केलेले होते, तरीही ते काम करत नव्हते. याचे कारण आपल्या काळ्या मातीत आहे. या मातीतील माँटमोरिलोनाइट जातीचे चिकण खनिज पाणी पिऊन फुगते आणि वाळल्यावर आकसते, म्हणून उन्हाळ्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. तीच माती अर्थिंगच्या सळईपासूनही सुटते, संपर्क तुटतो, आणि कोरडी माती वीज नीट वाहू देत नाही. मीठ-कोळसा घातलेल्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी टाकत राहण्याची जुनी रीत त्यामुळे शास्त्राला धरूनच आहे. आम्ही चार बादल्या पाणी ओतले, आणि संध्याकाळपर्यंत झिणझिण्या थांबल्या. काही ठिकाणी झिणझिण्या घालवण्यासाठी सॉकेटमध्येच न्यूट्रलची तार अर्थच्या भोकाला जोडून देतात. हे कधीही करू नये, कारण न्यूट्रल कुठे तुटला तर पूर्ण २३० व्होल्ट डब्यावर येतात आणि हात लावणारा माणूस दगावू शकतो.

लाइन गेल्यावर इन्व्हर्टर असूनही संगणक पुन्हा सुरू होतो, ही तक्रारही घरोघरी ऐकू येते. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, आणि चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर साधारण १६ मिलिसेकंद स्वतःच्या साठ्यावर तग धरतो. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे एक बारीक स्विच असतो. तो साध्या मोडवर असेल तर बदलाला याहून जास्त वेळ लागतो, यूपीएस मोडवर केला तर सहसा दहा मिलिसेकंदांच्या आत काम होते. अनेक घरांत नवा यूपीएस विकत आणला जातो आणि हा स्विच तसाच राहतो.

आता ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळू. खरा दोष तिच्यात आहे की यंत्रात, हे ठरवण्याची मला सर्वांत आवडणारी पद्धत म्हणजे पेनड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, सुरू करून पाहणे. लिनक्स मिंटसारखी प्रणाली पेनड्राइव्हवर टाकता येते आणि हार्डडिस्कला हातही न लावता तिच्यावर तासभर काम करता येते. तिथेही संगणक अडखळला, तर विंडोज निर्दोष आहे. तिथे सुरळीत चालला, तर शोध विंडोज किंवा हार्डडिस्क या दोघांपुरता उरतो.

त्यातही जुनी हार्डडिस्क आधी तपासावी. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडी एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद घेते, म्हणजे हवी ती जागा डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी चार मिलिसेकंद जातात, आणि डोके सरकायला आणखी आठ-नऊ. अशा डिस्कला विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला शंभराच्या आतबाहेरच वाचने जमतात, तर फिरणारा एकही भाग नसलेल्या एसएसडीला हजारो जमतात. सुरुवातीला टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर बराच वेळ अडकलेली दिसत असेल, तर स्टार्टअपमधले अनावश्यक प्रोग्राम बंद करावेत, आणि तरीही फरक पडला नाही तर एसएसडी बसवावी. क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम डिस्कच्या खराब झालेल्या सेक्टरांची, म्हणजे माहिती साठवणाऱ्या छोट्या कप्प्यांची, मोजणी दाखवतो. ती वाढत चालली असेल, तर बाकी सगळे बाजूला ठेवून आधी फायली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात.

रोज सकाळी घड्याळ मागे पडलेले आणि सुरक्षित संकेतस्थळे उघडेनात, एवढेच दुखणे असेल, तर मदरबोर्डवरचा तीन व्होल्टचा सीआर २०३२ सेल बदलावा. या नावातच त्याचे माप आहे, २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. तारीख चुकली की संकेतस्थळाचे प्रमाणपत्र ब्राउझरला मुदतीबाहेरचे वाटते, आणि लोक इंटरनेटला दोष देत बसतात.

एवढे सगळे तपासून झाल्यावर फॉरमॅटची खरी गरज उरते ती थोड्याच वेळा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागत असल्याने अनेक जुन्या यंत्रांवर ते रीतसर चढत नाही. अशा यंत्रावर लिनक्स टाकण्यासाठी फॉरमॅट करणे मला योग्य वाटते. मात्र त्याआधी नुसते डॉक्युमेंट्स फोल्डर नव्हे, तर फॉन्टही उतरवून घ्यावेत. आपल्याकडे ग्रामपंचायतीपासून शाळेपर्यंत कित्येक कागद अजून कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. त्यांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे फॉन्ट गेला की तीच फाइल उघडल्यावर अर्थहीन इंग्रजी अक्षरांचा गुंता दिसतो आणि लोक ती बिघडली समजून पुसून टाकतात. पुतणीच्या नोट्सची एक जुनी प्रत तिच्या मैत्रिणीच्या पेनड्राइव्हवर निघाली, तीही अशीच दिसत होती. आम्ही कृतिदेवचा फॉन्ट पुन्हा बसवला आणि पहिल्या पानावरचे शीर्षक वाचता आले.